आवाजाचा तुकडा

संत तुकाराम नगर, पिंपरी
ता. ४ जुलै २०२५

ती. बाबा यांस,
स. जयभीम वि. वि.

फोनवर आपलं बोलणं ऐकू येतंय का याच्यापुढे जात नाही, म्हणून पत्रच बरं. विहारातल्या संगणकावर आमच्या कंपनीचा मशीन चालवायला शिकवणारा नवा प्रोग्रॅम उतरत नाही, असं तुम्ही लिहिलंत. चार जीबीपैकी तीन येतात, रेंज जाते आणि पुन्हा पहिल्यापासून. सव्वीसला तिथे शिकणाऱ्या मुलींची परीक्षा, तिच्यावरच चाकणच्या कारखान्यातली नोकरी. साहेबांना विचारलं. म्हणाले, तूच कर लहान.

एकच चित्र चाळीस ठिकाणी ठेवलंय, ते एकदाच ठेवीन. तुकडे पाडीन, म्हणजे रेंज गेली तरी आलेलं वाया जाणार नाही. सगळ्यात जड आहे तो माझा आवाज. सूचना मीच वाचल्या होत्या ना. पडद्यावर खाली अक्षरं आहेतच, आवाज काढून टाकते.

इथे बरं आहे. हिंजवडीच्या गाडीत दीड तास जातो, प्रत्येकाच्या कानात काहीतरी असतं. लोभ मात्र आहे तेवढाच ठेवा.

आपली,
मिनल

मु. वाघी, ता. जिंतूर
ता. २९ जुलै

चि. मिनल हिस,
अ. आ.

दोन दिवसांत सगळं उतरलं. आठपैकी सहा पोरी पास झाल्या. सुमनताईची रुपाली पहिली. शेजारच्या सरूबाईनं विचारलं, मिनल तिकडं करते काय. म्हटलं, मोठं असतं ते लहान करते. तर म्हणाली, माझ्या सुनेची जीभ पाठवून देऊ का!

एक विचारायचं होतं. दिवाळीला तू पेनड्राइव्हनं टाकलेला जुना प्रोग्रॅम परत मिळेल का? नवा टाकताना तो पुसला गेला. पोरी गेल्या की कुलूप लावायच्या आधी मी तो लावायचो. हिरवं बटण दाबा, घाई करू नका, असं तू सांगायचीस. मला कुठं मशीन चालवायचीय? पण तेवढा वेळ तू असायचीस. जड असेल तर राहू दे.

जेवत जा.

तुझा बाबा

पिंपरी
ता. ६ ऑगस्ट

ती. बाबा यांस,
स. जयभीम वि. वि.

पोरी पास झाल्या म्हणून कंपनीत पेढे वाटले. काहींनी कानातलं न काढताच घेतले.

जुना प्रोग्रॅम आमच्याकडेही उरला नाही, आणि नव्यातला आवाज तर मीच पुसून टाकला. म्हणून रविवारी खोलीचं दार लावून सगळ्या सूचना पुन्हा वाचल्या. पहिलं वाक्य फुटेचना. शुक्रवारपासून मी कुणाशी बोललेच नव्हते, बाबा. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही त्यात आल्यात.

शेवटच्या तुकड्यात मशीनचं काही नाही, तो फक्त तुमच्यासाठी आहे. दाबून त्याचा आकार पावपट करता आला असता. केला नाही. उतरायला चार दिवस लागतील. घाई करू नका.

तुमचीच,
मिनल