उलटा धरलेला कागद

बाई,

सगळ्यात आधी कोण आलं असंल, सांगा बरं? माझी थोरली जाऊ! आठ दिवस साऱ्या गल्लीत सांगत हिंडली, "गोऱ्या लेकरांकडून मी डोळे तपासून घ्यायची न्हाई," आन् त्या दिवशी सकाळी सातलाच शाळेपुढं बसलेली, ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्याला तेल चोपडून. मी गेले तर म्हणते कशी, "तुझ्यासाठी जागा धरून बसले." खोटारडी.

तुमी म्हणाल, कोण गोरी लेकरं? दूर देशातून आली होती, डाक्टरकी शिकणारी. सुट्टीत गावोगाव फिरून फुकट तपासत्यात, औषधं देत्यात, चष्मे देत्यात. देशाचं नाव सांगितलं त्यांनी, पण माझ्या तोंडात बसलं न्हाई. संगं त्यांचे एक मोठे डाक्टर आन् दोन्हीकडचं बोलणं समजावून सांगायला नांदेडच्या कॉलेजची एक पोरगी. तुमी शिकवत होता ती पत्र्याची खोली कवाच पाडली, तिथं आता स्लॅबची शाळा हाय. कडूलिंब मात्र तोच. त्याच्याच सावलीत सतरंजी टाकलेली. एका पोरीचे केस मक्याच्या कणसाच्या झिपऱ्यांवानी. तिला मांडी घालता येईना, म्हणून पाय लांब करून बसली, लेकरू बसतं तशी. कुणीतरी भाकर-ठेचा दिला तर डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, तरी म्हणते आणखी द्या. आमी इतक्या हसलो बाई, की जावेचा पदर तोंडात. त्या पोरीनं माझ्या दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर पाहिलं. पट्टा सोडला तरी हात सोडला न्हाई, तसाच धरून दुसऱ्यांशी बोलत राहिली. मीबी काढून घेतला न्हाई. मालक गेल्यापासून इतका येळ माझा हात कुणी धरला नव्हता.

मग आली डोळ्यांची पाळी, भाकर-ठेच्याच्या नादात साऱ्यांच्या मागं. तिथंच मी घोटाळा केला. तो सांगायलाच हे लिहून राहिले.

आधी दुसरं सांगते, न्हाई तर तुमाला कळायचं न्हाई. माझी नात पुण्यात असते, आईबापाजवळ. पोरानं मला फोन घेऊन दिला, आन् आजी तिसरी शिकलेली हाय हे नातीला ठावं, म्हणून ती मला मराठीत लिहून पाठवते. मला त्या ओळी मुंग्यांसारख्या दिसत्यात. फुलाचं चित्र कुठं दाबायचं ते बोटाला पाठ झालंय, तेवढं पाठवते. गल्लीत सांगते, नातीचं पत्र आलं, वाचलं. पोरालाबी तेच सांगते, म्हणून चष्म्याचं कुणी काढत न्हाई. मागल्या पंधरवड्यात तिचा फोन आला, आवाज अगदी बारीक. "आजी, लांबलचक लिहिलंय. तूच वाच. कुणाकडून वाचून घेऊ नको." दोन दिवसांनी परत फोन. "वाचलंस का गं?" मी म्हणाले, "वाचलं की." ती म्हणाली, "तुला काय वाटतं?" मी काय सांगणार? म्हणाले, "चांगलंच हाय बाळा." त्यावर तिनं हुंदका दिला का हसली, फोनात कळलं न्हाई. फोन बंद झाला. तवापासून ती लिहीत न्हाई, आन् मी कशाला चांगलं म्हणून बसले ते मला ठाऊक न्हाई.

म्हणून मी चष्म्यासाठी गेले होते बाई. नुसती गंमत पाहायला न्हाई.

भिंतीवर दोन तक्ते. एक अक्षरांचा, दुसरा नुसत्या फणीसारख्या खुणांचा, न शिकलेल्यांसाठी. फणीचे दात कोणीकडं हायेत ते हातानं दाखवायचं. जावेनं दाखवलं, वर, खाली, इकडं, तिकडं, जशी गुरं वळवून राहिली. मग नांदेडची पोरगी मला म्हणाली, "आजी, तुम्हीपण खुणाच सांगा." मला राग आला. म्हणाले, "काहून? मी तिसरी शिकलेली हाय. मला अक्षरं दाखव." सारी सतरंजी माझ्याकडं पाहायला लागली. आता सकाळपासून माझ्यापुढच्या शिकलेल्या साऱ्यांनी तोच तक्ता मोठ्यानं वाचला होता. ग, न, र. मग प, म, ल, त. ऐकून ऐकून शेवटल्या ओळीपर्यंत माझा पाठ झालेला. भिंतीवर मला वरचं एक मोठं अक्षर तेवढं दिसत होतं, खाली नुसता चुना. पण तोंड उघडलं आन् बाई, घडाघडा सुरू झाले. मग त्या मक्याच्या केसांच्या पोरीनं तीच अक्षरं बारीक छापलेला कागद हातात दिला. तोबी म्हटला. तिनं टाळ्या वाजवल्या! "आजी, व्हेरी गुड!" साऱ्यांनी वाजवल्या. मी लाजले, नवरीवानी. माझ्या कागदावर काहीतरी लिहिलं, ताकदीच्या गोळ्या दिल्या आन् नांदेडचीकरवी सांगितलं, तुमचे डोळे तरण्या पोरीसारखे. चष्मा जावेला मिळाला.

संध्याकाळी ओट्यावर जाऊ चष्मा लावून तांदूळ निवडत बसली, एकेक खडा मला दाखवून. मग हळूच म्हणाली, "तू तो कागद उलटा धरला होतास."

"तुला काय कळतं? तुला अक्षर येत न्हाई."

"अक्षर येत न्हाई, पण दोडके मांडवाला तशी अक्षरं रेघेला खाली लोंबत्यात एवढं येतं. तुझी अक्षरं रेघेवर उभी होती." आन् एक खडा वेचून टाकत, "त्या गोऱ्या पोरीला आपली लिपी काय कळणार, आन् नांदेडची माझ्या नाकावर चष्मा बसवून राहिली होती. मी म्हणलं, कशाला बोलू. एवढ्या टाळ्या पडून राहिल्या तुला."

तवा मला तुमी आठवलात. मी पहिलीत हाय, पुस्तक हातात, आन् तुमी ते उलटं करून देता. मी तशीच घडाघडा म्हणत राहते. सारा वर्ग हसतो, तुमी हसत न्हाई. "हे वाचणं नव्हे गं. तुझे कान शिकलेत, डोळे अजून शिकायचेत." शाळा सुटल्यावर मला तुमच्या खोलीवर घेऊन जाता. चुलीवर चहा, समोर वाण्याच्या पुड्या. साखर डब्यात ओतून पुडीचा फाटका कागद माझ्यापुढं टाकता. "हे वाच. हे पाठ असणं शक्य नाही." अर्धीच ओळ, पुढचं फाटलेलं. तुमची बदली होईस्तोवर मी तुमच्या घरच्या साऱ्या पुड्या वाचल्या. तिसरीनंतर मला शाळेतून काढलं, गावातच आत्याच्या घरी दिली, पण मीठ आणलं, जिरं आणलं की कागद आधी वाचायची. तुमी वारल्याचं मला लई उशिरा कळलं. आता तर सारं पिशव्यांत येतं, त्यावरचं मला दिसत न्हाई.

जावेचा चष्मा लावून पाहिला. सारं पाण्याखाली बुडाल्यावानी झालं. एकीला दिसतं, तिला वाचता येत न्हाई. दुसरीला वाचता येतं, तिला दिसत न्हाई. दोघी हसलो. ती घरी गेली, मग मी एकटीच फोन घेऊन बसले. नातीचं ते लांबलचक लिहिलेलं डोळ्याजवळ नेलं, हात लांब करून पाहिलं, दिव्याखाली नेऊन पाहिलं. मुंग्याच.

हे जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं लिहितेय, जाड मार्करनं, एका पानावर चार-पाच ओळी. ओळी वर चढत असतील. वाचून पाहता येत न्हाई, म्हणून चुका तशाच ऱ्हायल्या. तुमी असता तर कागद उलटा करून दिला असता.

निघताना मक्याच्या केसांची पोरगी जीपमधून दोन्ही हात हलवत होती. नांदेडच्या पोरीनं साऱ्यांना ओरडून सांगितलं, राहिलेले चष्मे घेऊन परत येणार. मी जावेला सांगून ठेवलंय, आपल्या आधी कुणी बसायला न्हाई पाहिजे, आन् मी फणीचाच तक्ता माग‌णार, साऱ्यांदेखत. येत्या बुधवारी येतो म्हणालेत, दहाच्या सुमाराला.