डॉक्टर यानावर परत येणारच

५ जानेवारी
शाळेत असताना अर्धवट पाहिलेली अंतराळयानाची मालिका मोबाइलवर सापडली. आजपासून रोज जेवणानंतर कावेरीसोबत एक भाग. संसारात गोडवा हवा! पहिल्याच भागात कॅप्टन डॉक्टरबाईवर खेकसतो. मी म्हटलं, प्रेम असंच सुरू होतं. बायको म्हणाली, "ह्येका प्रेम नाय, वसकणा म्हणतत." अक्कलच नाही.

९ जानेवारी
संताप! पाचवा भाग झाला तरी कावेरी डॉक्टरच्याच बाजूने. म्हणे, "तेणी तिका एकदा तरी इचारल्यान, जेवलंस काय म्हणान?" अरे, मग यान कोण चालवणार? मीही वीस वर्षांत असलं काही विचारलं नाही. बिघडलं काय? आजपासून अबोला. चूक कबूल करेपर्यंत एक शब्द नाही.

१४ जानेवारी
अबोला जबरदस्त लागू पडतोय. आज कावेरीच्या लक्षात आला. "घसो बसलो काय तुमचो?" असं विचारून तिने मिठाचं पाणी दिलं. रागारागाने गुळण्या केल्या.

१८ जानेवारी
मूर्ख लेखक! डॉक्टर कॅप्टनचं यान सोडून दुसऱ्या यानावर गेली. कॅप्टनने थांब म्हटलं नाही. बाणेदार माणूस!
कावेरीही पिंगुळीला भावाकडे गेली. "चार दिवस जातंय" म्हणाली. मीही थांब म्हटलं नाही.

२३ जानेवारी
चार दिवस उलटले. फोन करणार नाही म्हणजे नाही. पेज करपली. आमच्या ओरोस गावचा गॅसच भिकार. डॉक्टर शेवटच्या भागात परत येणारच. तो भाग कावेरीसमोरच लावणार, जिरवणार!

२५ जानेवारी, रविवार
खबरदारी म्हणून देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, डॉक्टरबाई कॅप्टनाच्या यानार परत येवंदे रे म्हाराजा!" आणि अडलो. मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायला कोणीतरी लागतं, आणि आमच्या घरात ते काम कावेरीचं. नाइलाजाने फोन लावला. म्हटलं, नुसतं व्हय म्हाराजा म्हण.
ती म्हणाली, "शेवट मी कदीच बघलंय. ती येणा नाय."
डोकंच फिरलं! न सांगता पुढचे भाग बघते? तरी मोठं मन करून विचारलं, "जेवलंस काय गो?"
ती म्हणाली, "आता? साडेचार वाजले." आणि फोन ठेवला.
नारळ तसाच होता. व्हय म्हाराजा मीच म्हटलं.