न चाखलेला पाव

६ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पायाच्या अंगठ्याची जखम अजून ओलीच आहे. डॉक्टर म्हणाले, महिनाभरात साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. भात, बटाटा, पाव बंद. मग खायचं काय? इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तू रोज अशा लोकांना वाढतेस, म्हणून विचारतो. दिवसभर बेकरीत भट्टीपुढे उभं राहायचं आहे. अंगठा द्यायचा नाही.

तुझा,
ढब्बू

१० मार्च
चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

फ्लॉवर किसून पाणी न घालता परतून घे. भातासारखा लागतो, भात म्हणत नाही मी. नूडल्सच्या जागी दुधीच्या लांब पट्ट्या. पाव हवाच असेल तर बदामाचं पीठ अंड्यात कालवून भाज. पाय कोरडा ठेव. तोंड वाकडं न करता खा.

ताई

१७ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बदामाचं पीठ मैद्यासारखं तिंबलं आणि ओलं फडकं घालून फुगायला ठेवलं. दुपारपर्यंत ढिम्म. बायको म्हणाली, मालक आहात, दटावून बघा. दुसऱ्यांदा तू सांगितलंस तसं केलं, जमलं. फ्लॉवर रोज खातो. तरी साखर हलत नाही. डॉक्टरांना वाटतं, मी चोरून खातो. तू तरी विश्वास ठेव.

ढब्बू

२१ मार्च
चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

विश्वास आहे. ताटात काही चुकत नाही. पण भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक घाण्याचा तुकडा तू तोंडात टाकतोस. बाबा टाकायचे, म्हणून तूही. तुला ते खाणं वाटतच नाही, काम वाटतं. रक्ताला हा फरक कळत नाही. चाखणं सोड.

ताई

२ एप्रिल
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोडलं. हात आपोआप तोंडाकडे जायचा, म्हणून हातमोजे घातले. पाव भाजला की नाही, ते त्याच्या बुडाला टिचकी मारून आवाजावरून कळतं. मिठाचं कळत नाही. आपल्याकडे ते मुठीनेच पडतं. बायकोला विचारलं तर सगळंच छान. साखर उतरली आहे, जखम कडेने भरते आहे. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर अंगठा राहील. सोबत आजचा पाव पाठवतो. मी चाखलेला नाही. खरं तेच कळव.

ढब्बू

५ एप्रिल
चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पाव मिळाला. स्वयंपाकघरात सगळ्यांनी वाटून खाल्ला. मीठ जास्त झालं आहे. मूठ सोड, वजन करून घाल आणि पुन्हा पाठव. चाखायला मी आहे.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

ताई