अलास्का नको!

१२ फेब्रुवारी, सोमवार

अलास्का! कुठून काढलं याने हे अलास्का?

नॉर्वे ठरलं होतं. नाताळात दोघांनी मिळून ठरवलं होतं — जूनमध्ये लग्नाला चाळीस वर्षं होतील, हॅम्बुर्गहून बोट, आठ दिवस, ते उंच कडे, त्यांच्यामधून आत शिरलेलं हिरवं पाणी, धबधबे. आमच्या हूजुमहून दोन तासांत बोटीवर. विमान नाही, काही नाही. आज प्रवास-कचेरीत लोरेन्झेनबाईंनी नॉर्वेचे कागद पुढे सरकवले आणि हेनिंग म्हणाला, "अलास्काचं काही आहे का?" दुकानात पाव मागावा तसं!

बाईंनी लगेच दुसरं पुस्तक काढलं. व्हँकुव्हरहून निघायचं, दहा दिवस, हिमनद्या, देवमासे. दोन्ही बोटींवर एकेक खोली शुक्रवार तेवीसपर्यंत धरून ठेवते म्हणाल्या. "नीट विचार करा. चाळीस वर्षं काही दरसाल होत नाहीत!"

मी हसले. टेबलाखाली हात मात्र घट्ट आवळून धरले होते.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

पुस्तक स्वयंपाकघरात उघडं पडलं होतं. हेनिंगने पेन्सिलीने दोन गोळे केलेत. एक हिमनदीभोवती. दुसरा केचिकान नावाच्या गावाभोवती. तिसऱ्या दिवशीचं बंदर.

त्याला कळलंय.

टोर्बेन तिथे आहे. घे, लिहिलं नाव. आमचा मुलगा. अकरा वर्षांत या घरात ते नाव कुणी मोठ्याने घेतलेलं नाही. मी बंदी घातली आणि हेनिंगने पाळली. तो केचिकानला आहे हे फक्त मला ठाऊक होतं. निदान मी तसं समजत होते. आता नवा पोस्टमन येतो, पत्रं थेट हेनिंगच्या हातात पडतात. एखादं आलं असेल. आलंच असणार. आणि हा माणूस तोंड न उघडता मला बोटीत बसवून तिकडे नेणार आहे!

१४ फेब्रुवारी, बुधवार

आज नॉर्वेची बाजू मांडली. म्हटलं, अकरा तासांचं विमान, तुझा गुडघा, माझं ब्लडप्रेशर. म्हटलं, तिकडे नुसता पाऊस असतो.

"पाऊस तर बघायचाय! केचिकानला वर्षाला जवळजवळ चार मीटर पडतो, वीब्के. चार मीटर! आपल्या छपरापर्यंत." डोळे अगदी वर्गात असल्यासारखे चमकत होते.

चौतीस वर्षं भूगोल शिकवलाय याने. खोटं बोलायला किती सोयीचा विषय.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवार, म्हणजे माझी मैत्रीण आंट्ये चहाला. खडीसाखर घातली, वरून साय सोडली, पण चव लागेना. आंट्ये नॉर्वेच्या बाजूची. "अलास्का कशाला? अमेरिकन लोक चहात बर्फ घालतात म्हणे!" मग जिल्केचे फोटो दाखवले. तिची पोरं, कील शहरातलं घर. "सुखात आहे बाई माझी मुलगी. झालं ते बरंच झालं." असं म्हणाली की माझ्या हातावर हात ठेवते. दर वेळी.

झालं ते काय, हे मी कुठेच कधी लिहिलं नाही. आज लिहिते. टोर्बेन आणि जिल्केचं लग्न ठरलेलं. चर्च ठरलं, ऐंशी माणसांना आमंत्रणं गेली — मीच वाटली, माझ्या टपालाच्या सायकलवरून. आठ दिवस राहिले असताना टोर्बेन दारात येऊन म्हणाला, "मी हे लग्न करत नाही." का, ते सांगेना. जिल्के खोली बंद करून रडत होती, आंट्ये रस्त्यात उभी राहून रडत होती. मी त्याला म्हणाले, "आंट्येला तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस. जा इथून. परत येऊ नकोस." हेनिंग तेव्हा शाळेच्या सहलीला गेलेला. तो परत येईपर्यंत पोरगा निघून गेला होता.

आंट्येने मला माफ केलं. तीस वर्षांची मैत्री वाचली. मी बरोबरच केलं. केलंच.

१७ फेब्रुवारी, शनिवार

समुद्राकाठच्या बांधावर फिरायला गेलो. वारा असा की बोललेलं तोंडातच परत येत होतं. तरी भांडलो.

मी म्हटलं, "बर्फच बघायचाय ना? नॉर्वेत नाही का?"

"नॉर्वेचे ते कडे हिमनदीनेच कोरलेत, पण ती स्वतः निघून गेली. म्हणजे रिकामं घर बघायचं, मालक केव्हाच गेलेला! अलास्कात मालक घरी आहे. हिमनदीचा कडा तुटून समुद्रात पडतो तो आवाज ऐकायचाय मला. फळ्यावर किती वेळा काढला तो कडा! मुलं विचारायची, सर, तुम्ही पाहिलाय? आणि मी नाही म्हणायचो. दर वर्षी."

मालक घरी आहे! मला वाटलं, हा मला टोमणा मारतोय. "सरळ बोल ना," मी म्हणाले.

"सरळच बोलतोय! तुला झालंय काय?"

परतताना तो दहा पावलं पुढे. मेंढ्याही आमच्याकडे बघत होत्या.

१८ फेब्रुवारी, रविवार

दिवसभरात चार वाक्यं. त्यांतली दोन मिठाबद्दल.

२० फेब्रुवारी, मंगळवार

सगळं फुटलं.

जेवताना त्याने पुस्तक पुढे ओढलं. म्हणाला, "वीब्के, एक खरं कारण सांग. एक. मग नॉर्वे तर नॉर्वे, मी पुन्हा बोलणार नाही." आवाज चढलेला नव्हता. तेच सोसवलं नाही.

मी ओरडले, "नाटक पुरे! तुला हिमनदी बघायची नाहीये. तुला टोर्बेनला भेटायचंय!"

त्याच्या हातात काटा होता. तो त्याने हळूच ताटलीत ठेवला.

"टोर्बेन... अलास्कात आहे?"

त्याला ठाऊकच नव्हतं! पेन्सिलीचा गोळा पावसासाठीच होता. खरंच पावसासाठी.

"केचिकानला," मी म्हणाले. आता मागे फिरायला वाट कुठे होती?

"तुला कसं कळलं?"

खोटं सांगता आलं असतं. कुणीतरी सांगितलं, कुठेतरी वाचलं. दोन्ही जिभेवर आली होती. पण त्याचा चेहरा बघितला.

"पाकिटावर पत्ता होता," मी म्हणाले.

२१ फेब्रुवारी, बुधवार

सहा पत्रं. शिवणयंत्राच्या खणात, रिळांच्या खाली. एकोणतीस वर्षं या गावात टपाल वाटलं. आमची गल्ली माझ्याच फेरीत होती. कुणाचं एक कार्ड इकडचं तिकडे होऊ दिलं नाही मी. लोकांची प्रेमपत्रं, मयताच्या चिठ्ठ्या, कोर्टाचे कागद, सगळं ज्याचं त्याला. ही सहा तेवढी पिशवीतून काढून कोटाच्या आत घातली. उघडली नाहीत. फाडलीही नाहीत. शेवटचं पाच वर्षांपूर्वी आलं, मी निवृत्त व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात.

का, असं हेनिंगने विचारलं. मी म्हटलं, उघडलं असतं तर विरघळले असते, आणि मग आंट्येला काय सांगितलं असतं?

"आंट्येला," तो म्हणाला. "मला वाटायचं, पोरगा मला विसरला. अकरा वर्षं मला तसं वाटू दिलंस. समोर बसून."

पाकिटं घेऊन मागच्या शेडमध्ये गेला. दुपारचा गेला तो अंधार पडेपर्यंत आला नाही. मी सूप तीनदा गरम केलं.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

आंट्येला फोन करून सांगितलं, सर्दी झालीय, येऊ नकोस. तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलले. की पहिल्यांदा नाही?

हेनिंग बाहेरच्या खोलीत झोपला. सकाळी त्याने एक पाकीट माझ्या कपाजवळ ठेवलं. अजून बंद.

"पाच पत्रं दोघांच्या नावाची होती. ती वाचली. हे पहिलं. यावर फक्त तुझं नाव आहे. मी दुसऱ्याचं पत्र उघडत नाही."

लागलं. लागावं म्हणूनच म्हणाला. बाकीच्यांत काय आहे विचारलं. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "समुद्रविमानं दुरुस्त करतो. हाताचं बोट मोडलं होतं, जुळलं. एक कुत्रा आहे. आणि पाचही पत्रांत शेवटी तेच — आई, माझं पहिलं पत्र मिळालं ना?"

मी पाकीट एप्रनच्या खिशात घातलं. काम करताना ते कुरकुरत होतं.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

लोरेन्झेनबाई म्हणाल्या, "मग? कुठे जायचं ठरलं लग्नाच्या चाळिशीला?"

मी हेनिंगकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. टोपी हातात धरून उभा, बापाची भीती वाटणाऱ्या शाळकरी पोरासारखा. मला कळलं, मी नॉर्वे म्हटलं तर हा भांडणार नाही. एकटाच अलास्काला जाईल आणि कदाचित परत माझ्याकडे येणार नाही.

"अलास्का," मी म्हणाले. "दोघांची तिकिटं."

बाईंनी टाळी वाजवली. हेनिंग खुर्चीवर बसला आणि त्याने डोळे पुसले. चष्म्यावर धुकं आलंय म्हणाला. फेब्रुवारीत येतं.

बाहेर येऊन म्हणाला, "टोर्बेनला मी लिहितो. त्याला भेटायचं की नाही ते तो ठरवील. पण वीब्के, ते पाकीट न उघडता तू त्याच्यासमोर उभं राहायचं नाहीस."

२६ फेब्रुवारी, सोमवार

हेनिंगचं पत्र गेलं. मी स्वतः नेऊन टाकलं. पेटीच्या फटीत बोटं अडकवून बराच वेळ उभी होते. मग सोडलं.

माझं अजून बंदच.

२८ फेब्रुवारी, बुधवार

किटलीच्या वाफेवर धरलं. मग काढून घेतलं. घाबरतेय कशाला? शिव्याच असणार. शिव्या खायला तयार आहे मी.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

आंट्ये आली. "सर्दी बरी दिसतेय!" अलास्काचं सांगितलं. टोर्बेनचंही सांगितलं. कप खाली ठेवून म्हणाली, "तू त्याला भेटणार? माझ्या मुलीचं ज्याने वाटोळं केलं त्याला?" मी म्हणाले, माझा मुलगा आहे. अकरा वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून निघालं. चहा अर्धा टाकून ती गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१ मार्च, शुक्रवार

उघडलं. शिव्या नाहीत. दीडच पान.

"आई, जिल्केचं दुसऱ्या कुणावर मन आहे. लग्नाला आठ दिवस उरले असताना तिने मला सांगितलं. आंट्येमावशीला कळलं तर ती तिला घरात ठेवणार नाही, अशी भीती वाटते तिला. म्हणून नकार मी दिला असं म्हणायचं आम्ही ठरवलं. मी गावाबाहेर जाऊ शकतो, ती नाही. हे कुणाला सांगू नकोस, बाबांनाही नको. तुला एकटीलाच सांगतोय, म्हणजे निदान तू तरी माझ्यावर रागावलेली राहणार नाहीस."