पेट्रोलनं पुसलेली हेल्मेटं

प्रिय शकूर चाचा,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. इतके दिवस लिहिलं नाही, कारण आपल्या सायकलच्या दुकानात तुमची मान खाली जावी असं काही झालं नव्हतं. परवा झालं. माझ्या हातानं झालं. दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच सांगतो.

कापसाची ही वर्षं कशी चालली आहेत, ते तुम्ही पाहूनच गेलात. ज्या घरातलं माणूस कर्जापायी जीव देऊन गेलं तिथे जाऊन बसायला, विचारपूस करायला एका संस्थेनं पाच बायका नेमल्या आहेत. पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, एस.टी. जात नाही, म्हणून त्यांच्यासाठी शहरातून पाच वापरलेल्या डोंगरी सायकली आल्या. सोबत पाच हेल्मेटं आणि गुडघ्यांना बांधायच्या गाद्या. कोणती वस्तू चालेल, कोणती नाही, हे पारखायचं काम आपल्याकडे आलं. पांढरकवड्यात इतकी दुकानं असताना आपल्याकडे! तुमच्या नावामुळेच ना?

सायकलींना मी घाबरलो नाही. पुढचा ब्रेक दाबून प्रत्येक सायकल मागेपुढे हलवली, हँडलपाशी टकटक आली तिथे बेअरिंगचे छर्रे बदलले. एकीचा पुढच्या चाकावरचा खालीवर दबणारा चिमटा तेल गाळत होता, ती बाजूला ठेवली. गुडघ्याच्या गाद्यांचे पट्टे ओढून पाहिले. प्रत्येक नट तीनदा तपासला आणि वहीत लिहिला. तुम्ही असता तर ओरडला असता, "अबे मास्तर, वहीत काय पाहून राह्यला? चाक फिरव अन् कान दे!" नववीत शाळा सुटलेल्या पोराला मास्तर म्हणणारे तुम्ही एकटेच.

सायकलचं हेल्मेट मात्र मी पहिल्यांदाच हातात धरत होतो. आत घामाचा वास, काळे डाग. मी काय केलं असेल? तुम्ही शिकवलं तेच. "पेट्रोलनं निघत नाही असा मळ अल्लानं बनवलाच नाही," असं तुम्हीच म्हणायचात. चिंधी भिजवली आणि चार हेल्मेटं आतून-बाहेरून पुसून काढली. वरून अशी चमकली! त्या पाचजणींतल्या रेखाताईंना झरीच्या रस्त्यावरच्या पोडात जायचं होतं, त्या घाईत होत्या. त्यातलं एक त्यांना दिलं. हनुवटीखालचा पट्टा मीच आवळून दिला.

पाचव्यात मळ जास्त होता. चिंधी जरा दाबून धरली आणि बोट आत गेलं. आत सगळं थर्माकोल होतं, चाचा! पेट्रोलनं ते विरघळत होतं. मग उरलेल्या तिन्हींचं अस्तर काढून पाहिलं. तिन्हींत खड्डे.

तुमचा राग आला. खोटं कशाला बोलू? पण तुमच्या काळची सायकल सगळी लोखंडाची होती, तुम्हाला तरी कुठून माहीत असणार? विचारायचं मी होतं. आणि आणखी एक सांगतो, जे कुणालाच सांगितलेलं नाही. मी अस्तरं पुन्हा लावली होती. वरून काही दिसत नव्हतं. कुणाला कळलं असतं?

मग त्या रस्त्यावरचा उतार आठवला, तिथली सुटी गिट्टी आठवली. हातात आली ती सायकल काढली आणि निघालो. बारा किलोमीटर. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता रेखाताई रस्त्यात पडलेल्या दिसतील.

त्या पोडात एका अंगणात बसून चहा पीत होत्या. डोक्यावर हेल्मेट तसंच! मला धापा टाकताना पाहून शेजारची म्हातारी म्हणाली, "पोरगी पाहाले आला काय हा? घाम तं पाहा याचा!" सगळ्या हसल्या.

"काहून हो भाऊ, एवढ्या घाईनं?" रेखाताई म्हणाल्या.

"ते हेल्मेट मले द्या."

"सकाळीच तं देल्लं. आता कायले वापस?"

मी अस्तर उचकटलं आणि अंगठा दाबला. थर्माकोल खचलं. "माह्या हातानं खराब झालं, ताई," म्हटलं. त्यांनी आपलं बोट तिथे घातलं, मग दुसरं घातलं. हसणं थांबलं. "मी उतारावर ब्रेकच नव्हता लावला भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "डोक्यावर हे आहे म्हून."

चाचा, ते वाक्य अजून जात नाही हो मनातून! काहीच डोक्यावर नसतं, तर त्या जपून आल्या असत्या.

परतताना लागलेल्या उतारांवर आम्ही दोघंही सायकलवर बसलो नाही. सायकली हातात धरून चालत आलो. ट्रकवाले हसत गेले.

संस्थेला पत्र पाठवलं आहे. पाचही हेल्मेटं निकामी झाली, चूक माझी, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. कदाचित पुढचं काम आपल्याकडे येणार नाही. तुमच्या नावाला एवढा धक्का लागला, माझी चूक पदरात घ्या.

एक शब्द देतो. जी वस्तू मला कळत नाही, ती "चांगली आहे" म्हणून कुणाच्याही डोक्यावर ठेवणार नाही. आधी विचारीन. समोरचा लहान असो, हसणारा असो, विचारीन. आणि कुणालाच माहीत नसेल, तर "मले माहीत नाही, तुम्ही चालत जा" असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगेन.

तुमच्या हाताखाली शिकलेला,
सिद्धार्थ