दोन वाजून नऊ मिनिटं

८ डिसेंबर १९७७, गुरुवार

नको म्हणते! मंगळवारी खेडला त्यांच्या टीमची मॅच, आणि आमची मृदुला म्हणते, बाबा, तुम्ही येऊ नका. "मला खेळायला घेतलं तर ना! बाकावर बसलेली मुलगी बघायला खेडपर्यंत कशाला येता?"

पण मी काय फक्त तिच्यासाठी जातो? दोन वर्षं झाली, दर गुरुवारी कंपनीला सुट्टी असली की भाजीची पिशवी घेऊन कॉलेजच्या कुंपणापाशी उभा राहतो. एवढंसं कॉलेज, बास्केटबॉल खेळणाऱ्या इनमीन सात पोरी. बॉल एकच, तोही एका बाजूने सोललेला. त्यात ती नऊ नंबर, रतन! काळीसावळी, किडकिडीत, कुरुळीहून एसटीने येते म्हणे. बॉल हातात आला की कुणाला ऐकत नाही. ही विचारते, "भाजी आणायला जाता की बॉल?" विचारू दे.

९ डिसेंबर, शुक्रवार

वेळ जमवून पाहिली. मॅच साडेअकराला. माझी सेकंड शिफ्ट सव्वातीनला. खेडहून पावणेदोनची एसटी धरली की दोन पन्नासला नाशिक फाटा, तिथून सायकलने पंधरा मिनिटं. तीन पाचला गेटवर. दहा मिनिटं हाताशी!

पण मॅच उशिरा सुरू झाली तर? एसटी भरून आली तर? अठरा वर्षांत एक लेट नाही. शंभर माणसांची कार्डं तपासणारा टाइमकीपरच उशिरा आला तर लोक तोंडावर हसतील. 

१० डिसेंबर, शनिवार

मारुतराव फर्स्ट शिफ्टचे टाइमकीपर. त्यांच्यानंतर खुर्चीत मी. त्यांना सहज बोललो. ते म्हणाले, "अहो पानसे, एवढं काय त्यात? तुम्ही येईपर्यंत मी बसतो. तुमचं कार्डही मारून ठेवतो. कुणाला कळतंय?"

मी नको नको म्हणालो. मग म्हणालो, उशीर झाला तरच हं!

तेव्हापासून आमच्याकडचा टेंपररी कामगार गेनू येळवंडे डोक्यातून जात नाही. जानेवारीत तो आलेला नसताना त्याचं कार्ड त्याच्याच गावाकडच्या बिरूने घड्याळात पंच केलं होतं. मी पकडलं. गेनू वीस मिनिटांनी धापा टाकत आला. "यष्टी बंद पडली साहेब, मोशीच्या अलीकडं." मी रिपोर्ट केला. दोघेही चार दिवस घरी. नंतर कायम होणाऱ्यांच्या यादीतून गेनूचं नाव गेलं. पण यादी पर्सोनेल खात्याची, ती मी नाही केली. माझं काम रिपोर्टचं. नियम म्हणजे नियम.

आणि माझं कार्ड तर उशीर झाला तरच मारायचंय.

११ डिसेंबर, रविवार

एसटीच्या वेळा कागदावर तिसऱ्यांदा मांडल्या. हिने त्याच कागदात ओवा बांधून ठेवला. 

१२ डिसेंबर, सोमवार

मृदुला शेवटी म्हणाली, "या. पण ओरडू नका." कबूल केलं.

१३ डिसेंबर, मंगळवार

लिहायलाच हवं, नाहीतर छाती फुटेल.

अकराला खेडला पोचलो. मुरमाचं मैदान, चुन्याच्या रेघा, रिंगला जाळी नाही. गावातली माणसं कडेने दाटीवाटीने उभी, पोरी अर्ध्या चड्डीत खेळणार म्हणून. आमच्या पोरी सलवारीत आल्या तर काहीजण चक्क घरी गेले! साडेअकरा झाले, बारा झाले, अंपायरचा पत्ता नाही. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो. शेजारचा म्हातारा म्हणाला, "बायकू बाळंतपनाला हाय का काय?" शेवटी बारा चाळीसला शिट्टी.

आणि मी ओरडलो! कबूल केलेलं सगळं विसरलो. "नऊ नंबर! नऊ नंबरला दे!" म्हणून घसा बसेपर्यंत. रतनने पहिल्या वीस मिनिटांत दहा पॉइंट केले. मृदुला बाकावर, मान खाली घालून. माझीच लाज वाटत असणार.

हाफ टाइमला मागून आवाज आला, "नमस्कार, टाइमकीपर साहेब." वळलो तर गेनू!  तोही सेकंड शिफ्टचा.

"तू इथे?"

"पोरगी हाय माजी. नऊ नंबर." मग हसून म्हणाला, "तुमी लई वराडलात तिच्यासाठी. आमाला नीट वराडता येत न्हाई."

 जानेवारीतल्या त्या दिवशीही तो मॅचहूनच येत होता का? विचारायचं धाडस झालं नाही. माझी अकरा नंबर, बाकावर आहे, एवढंच सांगितलं.

नंतरचा खेळ शेजारीशेजारी उभं राहून पाहिला. गेनू हाताची घडी घालून गप्प. रतन पडली, गुडघा फुटला, तेव्हा फक्त एक पाऊल पुढे टाकून परत मागे आला. एक पस्तीसला त्याने माझ्या घड्याळात डोकावलं. आठ मिनिटं खेळ बाकी, तीन पॉइंटांनी आम्ही मागे. "चला साहेब, यष्टी गाठाया पायजे. त्या टायमापास्नं मी रिक्स घेत न्हाई."

चाललोच होतो, देवाशपथ! पिशवीही उचलली. तेवढ्यात आमच्या उंच पोरीचा पाचवा फाउल झाला, ती बाहेर, आणि मृदुला उठली. दोन वर्षांत पहिल्यांदा!

"तू हो पुढे, गेनू," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं.  मुलीकडे एकदा बघून भराभरा स्टँडकडे गेला.

बत्तीस-बत्तीस बरोबरी, मग एक्स्ट्रा टाइम. शेवटी मृदुलाने पास दिला आणि रतनने तो वरच्या वर रिंगमध्ये टाकला. छत्तीस-पस्तीस! जिंकलो! मी त्या म्हाताऱ्याला मिठी मारली. नंतरची एसटी अडीचची. गेटवर आलो तेव्हा तीन पंचावन्न. माझ्या कार्डावर स्वच्छ छापलेलं: तीन बारा. मारुतरावांनी डोळा मारला.

गेनूचं तीन सात होतं. खरं तीन सात.

१४ डिसेंबर, बुधवार

घात झाला. माझ्याच तोंडाने!

कॅन्टीनमध्ये गेनू माझ्या टेबलाशी आला, चहाचा ग्लास हातात घेऊन उभाच. मला वाटलं, आता बोलणार. आता सगळ्यांदेखत विचारणार, साहेब, तुमचं कार्ड कसं वेळेत? 

तो म्हणाला, "साहेब, फुडं काय झालं ते सांगा की. पोरगी नुसतं 'जिकलो' म्हनती. तिला सांगता येत न्हाई."

किती हलकं वाटलं! बस म्हणालो, आणि सुरू झालो. अठरा वर्षांची सवय, वेळेशिवाय मला काही सांगताच येत नाही. "एक बावन्नला बरोबरी! एक सत्तावन्नला एक्स्ट्रा टाइम सुरू! दोन सहाला एक पॉइंटने मागे!" लोक जमले. मी उभाच राहिलो, दोन्ही हात वर करून रतनचा बॉल रिंगमध्ये कसा गेला ते करून दाखवलं. "दोन वाजून नऊ मिनिटं! संपली मॅच!" गेनूच्या डोळ्यांत पाणी. टाळ्या पडल्या.

मग एकदम शांतता. मला कळेना का. चाकणकडची दहा-बारा माणसं तिथे होती, सगळी त्याच एसटीने येणारी. बिरू हळूच म्हणाला, "म्हंजी अडीचची यष्टी..." मागच्या टेबलावर पर्सोनेलचे साहेब. त्यांनी बशी खाली ठेवली. "पानसे, शुक्रवारी भेटा मला."

१५ डिसेंबर, गुरुवार

सुट्टी. कुंपणापाशी गेलो नाही. चार दिवस सस्पेंड झालो तर हिला काय सांगू? मृदुलाच्या लग्नाच्या बैठकीत कुणी काढलं तर? आणि मारुतराव! माझ्यापायी त्यांची नोकरी गेली तर?

मृदुलाला विचारलं, रतन गेनूची मुलगी हे तुला ठाऊक होतं? "हो. तीच म्हणाली, तुझ्या बाबांना सांगू नको, त्यांना वाईट वाटेल." जानेवारीत गेनू कुठून येत होता तेही तिला ठाऊक होतं. रतनच्या पहिल्या मॅचहून.

मला वाईट वाटेल म्हणून!

१६ डिसेंबर, शुक्रवार

साहेब हसले! चहा मागवला. "मुलगी खेळली का शेवटी? वा! अहो, तुम्ही आमची जुनी माणसं. असं पुन्हा नको, मारुतरावांनाही सांगा." संपलं. कागदावर काही नाही, सही नाही.

 आठवडाभर जीव टांगणीला आणि झालं काय, तर दोन बिस्किटं. दुपारी गेनू रांगेत होता, कार्ड मारून थांबला. "काय म्हनलं साहेब?"

"काही नाही. समज दिली तोंडी."

"बरं झालं बाबा," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. 

१७ डिसेंबर, शनिवार

गेनूचं जानेवारीचं कार्ड शोधून काढलं. लाल शाईत: 'कार्ड दुसऱ्याने पंच केले. सबब अमान्य.' अक्षर माझं. तोच शेरा माझ्या मंगळवारच्या कार्डावर लिहिला. मारुतरावांना आधी सांगितलं. ते म्हणाले, "लिहा. माझंही नाव घाला. बिरूचं घातलं होतंत ना?" दोन्ही कार्डं एकत्र टाचून साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. सोबत चिठ्ठी: आम्हाला माफ असेल तर गेनूचं नाव यादीत परत घ्यावं, नाहीतर आम्हालाही चार दिवस द्यावेत. हिला अजून सांगितलेलं नाही.