डावा हात आधी

मी, सिताराम भिकाजी गमरे, वय अठ्ठावन्न, कामाने पाईप फिटर, धर्माने बौद्ध, मूळ गाव खेड तालुक्यात, राहणार नेरुळ, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तेवढे कुरकुरते. पुढच्या महिन्यात डॉक्टर छाती उघडणार आहेत, आणि एकदा उघडलेली वस्तू पुन्हा नीट बसेलच असे फिटर माणूस कधी छातीठोकपणे सांगत नाही. मला कोणी धमकावलेले नाही, फसवलेले नाही, दारू पाजलेली नाही. बाहेर निवडणुकीची गाडी सकाळपासून ओरडते आहे. तिच्यामुळे एखादे अक्षर वाकडे आले तर ते सरळ समजून वाचावे.

कानडे वकील म्हणाले, "गमरे, इस्टेटीपुरतं लिहा." मी म्हणालो, "साहेब, माझी इस्टेट अर्ध्या पानात संपेल. उरलेला कागद कोरा ठेवू काय?" ते हसले. म्हणजे त्यांची हरकत नाही असे मी धरले आहे.

कलम पहिले. नेरुळची सिडकोची सदनिका माझी पत्नी गिरजाबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहावी. तिला त्या घरातून कोणीही, म्हणजे श्यामसुंदर, तूसुद्धा, "पुण्याला चल, इथे एकटी काय करतेस" असे म्हणून हलवू नये. ती स्वतः म्हणाली तर गोष्ट वेगळी. तिच्यामागे घर मुलगा श्यामसुंदर आणि मुलगी अरुणा यांचे सारखे. पोस्टातली शिल्लक गिरजाबाईची. सौदीत मी उन्हात भाजलो हे खरे, पण इकडे दोन पोरे आणि सासू सांभाळून ती जास्त भाजली. गावच्या कातळावरचा माझा हिस्सा आणि त्यावरची काजूची झाडे धाकटा भाऊ पोपट याला. तो तसाही मला न विचारता काजू विकतो. आता उजळ माथ्याने विकावेत.

कलम दुसरे. माझी हत्यारे, म्हणजे पाने, आटे पाडायचे डाय, पाईप कापायचे कटर, लेव्हल, हे सगळे दिघ्याच्या गोटीराम फिटरला. मोठा पाईप पाना यात नाही, कारण तो पाच-सहा वर्षांपूर्वी "उद्या देतो" म्हणून गोटीरामनेच नेला आहे. तोही आता त्याचा झाला. फक्त माझ्या दिवसकार्याला आल्यावर त्याने चारचौघांत कबूल करावे की पाना त्याच्याकडेच होता.

कलम तिसरे. गच्चीच्या कुलपाची किल्ली. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी सुमित्राबाई यांनी माझा स्वसंरक्षणाचा वर्ग गच्चीवर भरत असताना एका सकाळी गच्चीला कुलूप लावले. कारण सांगितले, पोरे आपटतात, स्लॅबला धक्का बसतो. खरे कारण मला ठाऊक आहे आणि त्यांनाही. त्यांच्या मुलाने घरी जाऊन सांगितले होते की गमरेकाकांच्या वर्गात सगळ्यांनी सगळ्यांचा हात धरावा लागतो. कुलूप लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कानशीने घासून किल्ली बनवली. एकदा लावून पाहिली. कुलूप उघडले. मग पुन्हा बंद केले आणि खाली आलो. तेव्हापासून वर्ग सारसोळ्याच्या खाडीकाठी भरतो. ही किल्ली सुमित्राबाईंना द्यावी. काही बोलू नये, नुसती हातात द्यावी.

कलम चौथे. आता चोई मास्तर. वकीलसाहेब, हे कलम लांबणार आहे.

मी सत्त्याहत्तर साली सौदीला एका कोरियन कंपनीच्या कामावर गेलो. पाईपलाईन टाकायची होती. कॅम्पात माझ्याच जिल्ह्यातला एक मुकादम होता. भेटल्या भेटल्या त्याने आडनाव विचारले, गाव विचारले, गावात घर कोणत्या अंगाला ते विचारले, आणि समोरचा पाण्याचा पेला हळूच स्वतःकडे ओढून घेतला. समुद्र ओलांडून आलो तरी पेला तोच. त्या शुक्रवारी सुट्टी होती. पाईपांच्या ढिगामागे आमचा कोरियन फोरमन, चोई, वाळूत अनवाणी उभा होता. मी नुसता बघत होतो. त्यांनी मला हाताने बोलावले, आडनाव विचारले नाही, गाव विचारले नाही, आपले डावे मनगट माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "होल्ड."

मी धरेना. माझ्या वडिलांच्या हातावर गावात वस्तू वरून टाकत. परक्या माणसाने होऊन हात पुढे करावा आणि धर म्हणावे, हे मला झेपेना. ते पुन्हा म्हणाले, "होल्ड, होल्ड. स्ट्राँग." मी धरले. पुढच्या क्षणाला मी वाळूत आडवा होतो आणि ते खदखदा हसत होते. मग त्यांनी मला उठवले, माझे मनगट धरले आणि म्हणाले, "नाऊ यू."

या विद्येचे नाव हापकिडो. कोरियन लोकांची ही स्वसंरक्षणाची विद्या. आपण होऊन मारायचे नाही. कोणी हात धरला तर बोटे ताठ पसरायची, पोटातून श्वास सोडायचा, धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने मनगट वळवायचे आणि त्याचाच जोर त्याच्यावर उलटवायचा. मास्तर म्हणत, भिंतीशी भांडू नको, पाण्यासारखा बाजूने जा. अर्थात हे सगळे ते चार इंग्रजी शब्दांत आणि बाकी हातवाऱ्यांनी सांगत. मी दर शुक्रवारी गेलो. त्यांनी मला कोबीचे तिखट लोणचे खायला घातले, मी त्यांना घरून नेलेल्या सुक्या बोंबलाची चटणी. ती त्यांना इतकी आवडली की डब्याचा तळ बोटाने पुसून खाल्ला.

काम संपले तेव्हा कंपनीने त्यांना लिबियाला पाठवले. जाताना त्यांनी कमरेचा काळा पट्टा सोडून माझ्या कमरेला बांधला. म्हणाले, "आय कम, बॉम्बे." मी म्हणालो, नवी मुंबई. ते म्हणाले, "न्यू बॉम्बे, ओके." त्यानंतर काही कळले नाही. गल्फहून आलेला कोणीही भेटला की मी विचारतो, कोरियन कंपनीत होतास का, चोई नावाचा फोरमन होता का. लोक हसतात, म्हणतात तिकडे अर्धे लोक चोईच असतात. हसू द्या. मला त्या माणसाची आठवण येते. त्यांनी एकदा येऊन सारसोळ्याच्या खाडीकाठी माझी पोरे बघावीत, एवढेच मला हवे होते. अजून हवे आहे.

तो पट्टा गिरजाबाईच्या ट्रंकेत आहे. तो कोणालाही देऊ नये. मास्तर कधी आलेच तर त्यांना द्यावा, जेवू घालावे, आणि चटणी सारसोळ्याच्या बोंबलाचीच करावी.

कलम पाचवे. वर्गातल्या चटया गिरजाबाईने गोणपाट आणि जुन्या गोधड्या शिवून केल्या आहेत. त्या विहाराच्या हॉलला द्याव्यात. एकच अट, जो कोणी तिथे शिकवील त्याने मनगटाची पाळी मोडू नये. वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येकाने प्रत्येकाला आपले मनगट धरायला द्यायचे, मग पुढचे काम. शिरवण्याच्या आगरी पोराने तळमजल्यावरच्या लेल्यांच्या मुलाला, सारसोळ्याच्या कोळ्याच्या पोरीने आमच्या पोरांना. कोणालाही वगळायचे नाही. वर्गाचे वेळापत्रक, फी, गणवेश, काहीही बदला. हे बदलू नका.

कलम सहावे. दत्तू बामा मढवी, राहणार शिरवणे, याला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. वाचणाऱ्याने गैरसमज करून घेऊ नये, त्याचे कारण सांगतो.

दत्तू माझा पहिला शिष्य. त्याच्या बापाची जमीन या शहराखाली गेली. तो आला तेव्हा त्याला सगळ्या जगाला ठोकायचे होते. मी त्याला आधी पडायला शिकवले. माझ्यापेक्षा त्याचा हात चांगला झाला. मग मुंबईच्या हापकिडो संघटनेचे एक परीक्षक आमच्या पोरांना पट्टे द्यायला म्हणून आले. त्यांनी दहा मिनिटे पाहिले आणि हात वर करून सगळे थांबवले. म्हणाले, "गमरे, तुमची पोरं आरशातली आहेत. सगळं डाव्या हातानं आधी. हे चालत नाही. उजव्यानं बसवून घ्या, मग पट्ट्यांचं बघू."

मला वाटत होते विद्याच तशी आहे. मास्तर सगळे डाव्याने आधी करीत, म्हणून मीही. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे तरुणपणी जहाजाच्या कारखान्यात साखळीत गेली होती, हे मी रोज बघत होतो, पण या दोन गोष्टी मी कधी जोडल्या नव्हत्या. त्या दिवशी जोडल्या गेल्या. मास्तरांची तुटलेली बोटे मी नेरुळच्या धडधाकट पोरांना शिकवली होती. माझ्या शिष्यांपैकी एकजण मस्कतला आहे, तो तिथे पठाण आणि मल्याळी कामगारांना शिकवतो. म्हणजे तेही डाव्यानेच.

आणि हे कळल्यावर तर मला ते बदलवेना. पत्ता नाही, फोटो नाही, एका पट्ट्याशिवाय त्या माणसाचे माझ्याकडे दुसरे काय होते?

दत्तू म्हणाला, "आप्पा, तुमचा मास्तर मोठा मानूस, मान्य हाय. पन पोरांना पट्टा कोन देनार? पोलीस भरतीत डाव्या हाताचं कवतिक कोन करनार हाय?" मी म्हणालो, "मग जा." तो गेला. अर्धी पोरे त्याच्याबरोबर गेली. आता तो शाळेच्या मैदानावर वर्ग घेतो, संघटनेच्या पद्धतीने. चांगला शिकवतो. मी भिंतीआडून पाहिले आहे. माझ्या रांगेत त्याची जागा मी अजून मोकळी ठेवतो. नवे पोर चुकून तिथे उभे राहिले तर मी त्याला सरकवतो, आणि का सरकवले ते त्याला सांगत नाही.

वकीलसाहेब म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये. दत्तूला मी काही देत नाही ते एवढ्यासाठीच. मला त्याची सही हवी आहे. सहीसाठी त्याला माझ्या घरी यावे लागेल. निरोप धाडला होता. संध्याकाळी येतो म्हणाला.

कलम सातवे. माझी मुलगी अरुणा. उरलेली पोरे अजून कच्ची आहेत, माझ्यानंतर डावा हात पुढे शिकवील अशी हीच एक. कंपनीत दुसऱ्या पाळीला जाते. एकदा बसस्टॉपवर एका माणसाने तिचा हात धरला. तिने आरडाओरडा केला नाही. बोटे पसरली, श्वास सोडला, आणि तो माणूस गटाराच्या कडेला बसला. घरी येऊन मला म्हणाली, "आप्पा, डावाच हात धरला होता त्यानं. बरं झालं ना?" त्या दिवशी मला जेवण गेले नाही, आनंदाने.

इथल्या एका नव्या शाळेला मुलींना स्वसंरक्षण शिकवणारी बाई हवी आहे. पगार कायमचा, उजेडात जायचे, उजेडात यायचे. मुख्याध्यापिकेला अरुणा पसंत आहे. पण संघटनेचे प्रमाणपत्र पाहिजे, परीक्षा जानेवारीत, आणि परीक्षेत सगळे उजव्याने आधी. बसवून घेणारा इथे एकच माणूस, दत्तू. अरुणा नाही म्हणते. मी विचारले का. म्हणाली, "मी पण उजव्यानं शिकले तर तुमच्याकडे मास्तरांचं काय उरेल, आप्पा? कंपनी हाय ना. टेन्शन नका घेऊ तुमी."

खरे सांगायचे तर मला ते ऐकून बरे वाटले.

~~तरी माझी आज्ञा अशी की माझ्या मृत्यूनंतर अरुणाने दत्तू मढवी याच्याकडे जावे, उजवा हात आधी शिकावा, परीक्षा द्यावी आणि शाळेत लागावे. बापाची शेवटची इच्छा म्हणून तिने यावर वाद घालू नये.~~

वरचा मजकूर मी खोडला आहे. खोडल्याचे कारण लिहितो. लिहून झाल्यावर मी तो गिरजाबाईला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मेल्यावर सांगणार होय पोरीला? परीक्षा जानेवारीत आहे. तुमाला मरायची एवढी घाई आहे काय?"

मी हिशेब करून पाहिला. ऑपरेशनात मेलो तर पोरीला नोकरी लागेल. जगलो तर मृत्युपत्र ट्रंकेत पडून राहील, परीक्षा निघून जाईल, आणि ती कंपनीतच राहील, माझ्यासाठी. जे तोंडाने सांगायला मला जड जाते ते मी मरणाच्या तोंडून सांगवत होतो. म्हणजे तिला वाद घालता येऊ नये, आणि मला तिचे तोंड बघावे लागू नये.

तसे नको. आज संध्याकाळी साक्षीदार येतील तेव्हा मी तिला समोर बसवून सांगणार आहे. मास्तर, तुमचा हात माझ्यानंतर इथे कोणाकडे राहणार नाही. मला याचे फार वाईट वाटते. पण पोरगी तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी अडून बसली आहे, आणि कोणी अडकला असेल तर त्याला सोडवायला तुम्हीच मला शिकवले.

सबब कलम सात यातील आज्ञा रद्द समजावी. बाकी सर्व कलमे कायम. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

(सही) सिताराम भिकाजी गमरे

आम्ही खाली सही करणारे साक्षीदार लिहून देतो की सिताराम भिकाजी गमरे यांनी वरील सही आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत केली. सही करण्यापूर्वी त्यांनी खोडलेली आज्ञा कु. अरुणा हिला समोर बसवून तोंडी सांगितली. कु. अरुणा हिने आधी नाही म्हटले. बऱ्याच वेळाने हो म्हटले. दोन्ही आम्ही ऐकले.

साक्षीदार:
(सही) दत्तू बामा मढवी, राहणार शिरवणे
(सही) मधुकर दिनकर लेले, राहणार नेरुळ, याच इमारतीत, तळमजला

ठिकाण: नेरुळ, नवी मुंबई
तारीख: १९ नोव्हेंबर १९८९, रविवार